कामाच्या प्रवासात अपघात झाला तर भरपाई कशी मागायची

२२ एप्रिल २००३ च्या पहाटे उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार मोटारसायकलवरून ड्युटीला निघाला. त्याची ड्युटी पहाटे तीन ते सकाळी अकरा. कारखाना पाचेक किलोमीटरवर राहिला असताना रस्त्यात अपघात झाला आणि त्यात तो गेला. कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि वर व्याज मंजूर केलं. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. अपघात कारखान्यात नाही, वाटेत झाला, या मुद्द्यावर २०११ मध्ये तो हुकूम रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला, पण तोवर २९ जुलै २०२५ उजाडला होता. अपघाताला बावीस वर्षं उलटून गेली होती.

हा निकाल प्रत्येक कामगाराने आणि त्याच्या घरच्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. ‘गेटच्या बाहेर झालं, आमचा संबंध नाही’ हे वाक्य आजही सर्रास ऐकवलं जातं आणि ते ऐकून माणसं गप्प घरी जातात. कायदा आता तसं म्हणत नाही. मात्र हक्क आहे एवढ्याने पैसे मिळत नाहीत. अपघाताचा आणि कामाचा धागा कागदावर दाखवावा लागतो, आणि कुठल्या कायद्याखाली मागायचं हे पहिल्या काही आठवड्यांतच ठरवावं लागतं. या दोन गोष्टी जमल्या तर पुढची लढाई बरीच सोपी होते.

पायरी १: तुमचा प्रवास कुठल्या प्रकारात बसतो ते ओळखा

कायद्याची भाषा अशी: अपघात ‘नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात’ झालेला हवा. प्रवासाच्या बाबतीत याचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार म्हणजे प्रवास हेच काम. ट्रक ड्रायव्हर, क्लीनर, बस कंडक्टर, कुरिअरवाला, वसुलीला फिरणारा, साइटवर मशीन दुरुस्त करायला गेलेला तंत्रज्ञ. यांच्या बाबतीत वाद सर्वांत कमी. गाडी चालू नसतानाही संरक्षण संपत नाही. इंदूर ते बऱ्हाणपूर मार्गावरच्या एका बसचा ड्रायव्हर मुक्कामाच्या ठिकाणी बसच्या टपावर जेवून खाली उतरताना पडून गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो मृत्यू नोकरीच्या ओघातला मानला, कारण बस सोडून जाण्याची त्याला मुभाच नव्हती. दिल्लीहून झारखंडकडे लांब पल्ल्याच्या फेरीवर असताना प्रकृती बिघडून दगावलेल्या ट्रक ड्रायव्हरच्या कुटुंबालाही २०१२ मध्ये न्याय मिळाला. एवढ्या लांबच्या सततच्या ड्रायव्हिंगचा ताण हा कामाचाच भाग धरला गेला.

पण ड्युटीवर असताना काहीही झालं तरी भरपाई मिळेल असं समजू नका. प्रवाशांना देवस्थानाला घेऊन गेलेला एक ड्रायव्हर फावल्या वेळात तळ्याच्या पायरीवर बसला असताना घसरून बुडाला, तेव्हा २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. तळ्याकाठी बसण्याचा कामाशी संबंध दाखवता आला नाही. बऱ्हाणपूरचा टप आणि ही तळ्याची पायरी शेजारी ठेवून पाहा. माणूस त्या क्षणी तिथे कामामुळे होता की स्वतःच्या इच्छेने, यावर सगळं ठरतं.

दुसरा प्रकार मालकाच्या गाडीचा. कंपनीची बस, हिंजवडीतून रात्री घरी सोडणारी कॅब, साइटवर मजूर नेणारा टेम्पो. इथे मुंबईचा एक निकाल साठ वर्षांनंतरही वापरला जातो. बेस्टचा एक ड्रायव्हर जोगेश्वरी डेपोत ड्युटी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला आणि ती बस अपघातात सापडली. गणवेशातल्या ड्रायव्हरला बसमधून फुकट प्रवासाची सोय उपक्रमाच्या नियमांतच होती आणि ती सेवा सुरळीत चालावी म्हणून होती. म्हणून १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मृत्यू नोकरीच्या ओघातला ठरवला. राज्य कामगार विमा कायद्यात, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो त्यात, मालकाच्या संमतीने त्याच्या वाहनातून होणाऱ्या प्रवासाला वेगळं कलमच आहे.

तिसरा प्रकार घर ते काम आणि काम ते घर. खरी मारामारी इथे व्हायची. केरळमधला एक कामगार साडेचारच्या शिफ्टसाठी सायकलने निघाला होता. कारखाना किलोमीटरभर राहिला असताना सव्वाचारला लॉरीने त्याला धडक दिली, आणि लॉरीही त्याच्याच कंपनीची. तरी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईएसआयचा लाभ नाकारला. पुढे २०१० मध्ये संसदेने ईएसआय कायद्यात ‘५१ ई’ हे कलम घातलं: घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात नोकरीच्या ओघातला मानायचा, मात्र अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाला पाहिजे. सुरुवातीला सांगितलेल्या २०२५ च्या निकालाने दोन मोठ्या गोष्टी केल्या. हे कलम जुन्या अपघातांनाही लागू होतं असं सांगितलं, आणि १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातले तेच शब्द त्याच अर्थाने वाचायचे असं ठरवलं. म्हणजे ईएसआय कार्ड नसलेल्या कामगारालाही वाटेतल्या अपघाताचं दार उघडलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. घर ते काम या प्रवासाची तरतूद मालकाने द्यायच्या भरपाईसाठीही संहितेत स्पष्ट शब्दांत आहे. त्या तारखेच्या आधीच्या अपघातासाठी जुना कायदा, नंतरच्या अपघातासाठी संहिता. खाली मी बोलीतले जुनेच शब्द वापरतो, कारण कोर्टाच्या आवारात अजून तेच चालतात. संहितेत ‘आयुक्तां’च्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द आला आहे.

पायरी २: पहिल्या दोन दिवसांत काय जमवायचं

जीव वाचवणं आधी. रस्ता अपघातग्रस्तांच्या कॅशलेस उपचारांची केंद्र सरकारची योजना मे २०२५ पासून लागू आहे. तिच्यात अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. दवाखान्यात भरती करतानाच त्याबद्दल विचारा.

त्याच वेळी घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसावर कागदांची जबाबदारी टाका. केस पेपरवर डॉक्टर जी हकिकत लिहून घेतात ती पुढे वर्षानुवर्षं तुमच्या बाजूने किंवा तुमच्या विरुद्ध बोलते. घाबरलेले नातेवाईक ‘गाडीवरून पडला’ एवढंच सांगतात. सांगायला हवं ते असं: ‘सकाळी सात वाजता शिफ्टसाठी चाकणला जाताना नाशिक फाट्याजवळ मागून टेम्पोने धडक दिली.’ वेळ, जागा, कुठून कुठे आणि कशासाठी. जे घडलं तेच सांगा, पण पूर्ण सांगा. दवाखान्याकडून पोलिसांना एमएलसी (अपघाताची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) गेली आहे का ते विचारून तिचा नंबर लिहून घ्या.

पोलिसांकडे एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा या दोन्हींच्या प्रती लागतात. कुणाची चूक नाही, दुचाकी खड्ड्यात घसरली, म्हणून नोंद करायची टाळाटाळ होते. किमान स्टेशन डायरीतली नोंद तरी करून घ्या. मालकाकडून मिळणाऱ्या भरपाईसाठी दुसऱ्या कुणाची चूक असावी लागत नाही. अपघात झाला हे सिद्ध झालं की पुरे.

त्यानंतर कामाचा धागा. त्या महिन्याचं शिफ्टचं वेळापत्रक, हजेरीचा उतारा, पंचिंगची नोंद, पगार स्लिप, ओळखपत्र. बाहेरच्या कामावर असाल तर सुपरवायझरचा ‘साइटवर जाऊन ये’ असा मेसेज, टूरची मंजुरी, ओडी (बाहेरच्या ड्युटीची) स्लिप, टीए (प्रवासभत्त्याचं) बिल, माल पोचवल्याची पावती, टोलची नोंद, पेट्रोल पंपाचं बिल. कंपनीच्या गाडीत जीपीएस असेल तर त्याची नोंद जपून ठेवण्याची लेखी मागणी लगेच करा, ती काही दिवसांत पुसली जाऊ शकते. रस्त्यावरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचंही तेच. मोबाइलमधले मेसेज आणि लोकेशन यांचे नुसते स्क्रीनशॉट काढून भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

वाटेत भाजी घ्यायला थांबलात, मुलाला शाळेत सोडलंत, म्हणून हक्क बुडाला असं घाबरून लपवू नका. नेहमीच्या वाटेवरचा छोटा थांबा आणि वाट सोडून तीस किलोमीटरवर मावशीकडे जाणं यांत फरक आहे. लपवलेला थांबा उलटतपासणीत उघडा पडला की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

पायरी ३: कुठे मागायचं ते ठरवा

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. जो पहिला वकील भेटतो तो त्याला सवयीच्या कोर्टात नेतो, आणि नंतर कळतं की दुसरीकडे चौपट मिळालं असतं. पण तोवर परतीची वाट बंद झालेली असते.

आधी पाहा की ईएसआय लागू आहे का. पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल (अपंग कामगारांसाठी २५,०००) आणि आस्थापना ईएसआयखाली असेल तर बहुधा आहे. पगार स्लिपवर ०.७५ टक्के कपात दिसते. ती असेल तर त्याच इजेसाठी मालकाकडून १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. ईएसआय हाच मार्ग. आणि तो कमी लेखू नका. कामाच्या इजेसाठी किती महिने वर्गणी भरली याची अट नसते, नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी लाभ मिळतो. तात्पुरत्या असमर्थतेत रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम, बरं होईपर्यंत, दिवसांच्या मर्यादेशिवाय. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड ठरवेल त्या टक्केवारीने आयुष्यभर दरमहा रक्कम. मृत्यू झाला तर अवलंबितांना पेन्शनसारखा मासिक लाभ, शिवाय अंत्यसंस्कारासाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्च. मालकाने अपघात नोंदवहीत नोंद करून ईएसआय कार्यालयाला अपघात अहवाल पाठवायचा असतो. हा अहवाल गेला का, याची खातरजमा स्वतः शाखा कार्यालयात जाऊन करा. ‘पाठवलाय’ या तोंडी उत्तरावर थांबू नका. अपघात नोकरीशी संबंधित नाही असं ईएसआयने कळवलं तर कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागता येते.

ईएसआय नसेल आणि अपघात दुसऱ्या मोटार वाहनाच्या चुकीने झाला असेल तर दोन मार्ग असतात: मालकाविरुद्ध भरपाई आयुक्तांकडे, किंवा धडक देणाऱ्या वाहनाच्या मालकाविरुद्ध आणि विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे यांपैकी एकच निवडता येतो. आकडे पाहिल्याशिवाय ही निवड करू नका.

समजा ३५ वर्षांचा, कायम नोकरीतला, महिना ३०,००० पगाराचा माणूस अपघातात गेला. घरी बायको, दोन मुलं, आई असे चौघे अवलंबून. १९२३ च्या कायद्याखाली पगार कितीही असला तरी हिशोबाला १५,००० च धरले जातात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची. त्याचे निम्मे ७,५००, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला ३५ व्या वर्षाचा गुणांक १९७.०६. होतात १४,७७,९५० रुपये. न्यायाधिकरणात पूर्ण ३०,००० धरतात, भविष्यातल्या वाढीसाठी ५० टक्के मिळवतात, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करतात आणि वर्षाच्या रकमेला १६ ने गुणतात. हा हिशोब ६४,८०,००० वर जातो, त्यातून आयकर लागू असेल तर तो वजा. केवढा फरक पडतो पाहा.

मग सगळ्यांनी न्यायाधिकरणातच का जाऊ नये? कारण तिथे समोरच्या वाहनाची चूक सिद्ध करावी लागते, आणि तुमच्या माणसाची चूक निघाली तर तेवढी रक्कम कापली जाते. गाडी स्वतः घसरली, रानडुक्कर आडवं आलं, ड्रायव्हर स्वतःच झाडाला धडकला, अशा वेळी भरपाई आयुक्तांकडचा मार्गच खात्रीचा. तिथे कामगाराचा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारण्याचं कारण होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका ट्रक मदतनिसाच्या प्रकरणात हे पुन्हा सांगितलं आहे. कमी पगार आणि वाहनाच्या चुकीचा कच्चा पुरावा असेल तरी मी आयुक्तांकडे जायलाच सांगेन. न्यायाधिकरणातल्या अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे, म्हणून हा निर्णय लांबवता येत नाही. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५०,००० रुपये मिळतात.

मुंबईच्या लोकलचा विषय वेगळा. गर्दीच्या डब्यातून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात ८ लाख रुपयांचा दावा होतो, मुदत एक वर्ष. चढता-उतरताना पडणं ही प्रवाशाची स्वतःहून केलेली इजा धरायची नाही, आणि मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. पास मोबाइलवर असेल तर त्याची नोंद काढून ठेवा. रेल्वेकडचा हक्क आणि मालकाकडचा हक्क दोन्ही शाबूत असतात, मात्र एकाच अपघाताची भरपाई दोनदा मिळत नाही. रूळ ओलांडताना झालेला अपघात ‘प्रवाशाला’ झालेला अपघात म्हणून सहसा बसत नाही.

याशिवाय तीन गोष्टी विसरल्या जातात. स्वतःच्या दुचाकीच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेलं असू शकतं, पॉलिसी उघडून बघा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे अपघाती मृत्यूला २ लाख आहेत. आणि कंपनीने गट अपघात विमा काढला आहे का, हे एचआरला लेखी विचारा. हे विमे कराराचे आहेत. वरच्या कायदेशीर दाव्यांतून एकच निवडण्याची अट त्यांना लागत नाही.

पायरी ४: मालकाला नोटीस द्या, आणि सही करण्याआधी थांबा

अपघातानंतर लवकरात लवकर लेखी नोटीस द्या. साध्या मराठीत चालते: नाव, पत्ता, अपघाताची तारीख, वेळ, जागा, कशामुळे झाला, कामाशी काय संबंध, काय इजा. रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, ईमेलही करा. नोटीस राहून गेली तरी मालकाला अपघात कळला होता हे दाखवता आलं तर दावा बुडत नाही. दाव्याची मुदत १९२३ च्या कायद्यात दोन वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका.

तुम्ही ठेकेदाराचे कामगार असाल तर नोटीस दोघांना: ठेकेदारालाही आणि ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं त्या मूळ मालकालाही. ठेकेदार पळून गेला तरी मूळ मालकाकडून भरपाई मागता येते, पुढे तो ठेकेदाराकडून वसूल करील. ‘हा आमच्या मस्टरवर नाही’ या उत्तराने खचून जाऊ नका.

आता सह्यांचं. अपघातानंतर आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी पाकीट घेऊन घरी येतं. दिवस कार्याचे, हातात पैसा नाही, आणि पन्नास हजार किंवा लाख रुपये देऊन स्टॅम्प पेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं जातं. या प्रकाराची मला मनापासून चीड आहे. कायदाही या बाबतीत कामगाराच्या बाजूने ठाम उभा आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक असतो. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने रक्कम आयुक्तांकडे जमा करायची असते, परस्पर वारसांच्या हातात टेकवून सुटका होत नाही. इजेच्या प्रकरणातली तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर मालक पूर्ण भरपाईला जबाबदार राहतो. सही होऊन गेली असली तरी दावा लावता येतो. मिळालेली रक्कम लपवू नका, अर्जात सांगा.

पायरी ५: रक्कम काढा

मृत्यूचा हिशोब वर दिलाच आहे: हिशोबाला धरलेल्या पगाराचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक, पण १,२०,००० पेक्षा कमी नाही. कायमची पूर्ण असमर्थता असेल तर ५० ऐवजी ६० टक्के, किमान १,४०,०००. गुणांक वयाबरोबर उतरतो: २५ व्या वर्षी २१६.९१, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. म्हणून वयाचा पुरावा म्हणजे शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला आधीच काढून ठेवा. आधार कार्डावर अंदाजे १ जानेवारी टाकलेली असेल तर वाद होतो. संहितेतही हिशोबाची रीत हीच आहे. दाखल करताना पगाराच्या मर्यादेची आणि किमान रकमेची चालू अधिसूचना तेवढी वकिलाकडून तपासून घ्या.

अंशतः अपंगत्वात काही इजांची टक्केवारी कायद्याच्या परिशिष्टातच आहे. अंगठा गेला तर ३० टक्के. आपल्या ३५ वर्षांच्या माणसासाठी पूर्ण असमर्थतेची रक्कम (१५,००० चे ६० टक्के गुणिले १९७.०६) १७,७३,५४०, तिचे ३० टक्के म्हणजे ५,३२,०६२ रुपये. पण सगळं परिशिष्टावर सोडू नका. खरा प्रश्न शरीराच्या टक्केवारीचा नसून कमाई किती बुडाली हा आहे. डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये शंभर टक्के असमर्थ धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. ड्रायव्हरचा पाय अधू झाला आणि अवजड वाहनाचा परवाना गेला, तर डॉक्टरच्या दाखल्यावर ‘अपंगत्व ४० टक्के’ एवढंच लिहून घेऊन परत येऊ नका. तो पूर्वीचं काम करू शकतो का, हे स्पष्ट लिहून मागा.

तात्पुरत्या असमर्थतेत दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के. उपचारांचा प्रत्यक्ष झालेला खर्च वेगळा मागता येतो, आणि त्याला वरची मर्यादा नाही. औषधांची प्रत्येक पावती जपा.

व्याज विसरू नका. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारणाशिवाय रखडवली तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. या दोन्ही मागण्या अर्जात स्वतंत्रपणे लिहा. दंड सहसा विमा कंपनीवर पडत नाही, मालकावरच पडतो, त्यामुळे ही मागणी दिसली की मालक बोलणी करायला लवकर येतात.

पायरी ६: अर्ज दाखल करा

महाराष्ट्रात अशी प्रकरणं बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयात चालतात. अर्ज तीनपैकी कुठेही करता येतो: अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही जिथे राहता तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे. लातूरचा माणूस सुरतजवळ ट्रक उलटून गेला तरी विधवेने सुरतला खेपा घालायची गरज नाही. मालकाला आणि त्याच्या विमा कंपनीला, दोघांनाही प्रतिवादी करा. व्यावसायिक वाहनाच्या विम्यात ड्रायव्हर-क्लीनरची ही जबाबदारी बहुधा धरलेली असते.

अर्जात प्रवासाचा परिच्छेद सर्वांत काळजीने लिहा. नमुना असा: ‘अर्जदाराच्या पतीची शिफ्ट सकाळी ६ वाजता सुरू होत असे. त्या वेळी घराजवळून कारखान्याकडे जाणारी बस नसल्याने ते रोज दुचाकीने जात. दिनांक अमुक रोजी ५.२० वाजता ते घरून निघाले आणि नेहमीच्या मार्गावर, कारखान्यापासून सुमारे ४ किमी अंतरावर, ५.३५ वाजता अपघात झाला.’ वेळ, जागा आणि परिस्थिती, तिन्ही आले. त्या रखवालदाराच्या प्रकरणात हेच निर्णायक ठरलं. पहाटे तीनच्या ड्युटीसाठी त्या वेळी त्या रस्त्यावर असण्याला दुसरं कारण नव्हतं.

मालक काही ठरलेल्या गोष्टी म्हणेल. ‘दारू प्यायला होता.’ त्याने रक्ततपासणीचा अहवाल आणावा. शिवाय मृत्यू किंवा कायमची पूर्ण असमर्थता असेल तर हा बचाव चालतच नाही. ‘हेल्मेट नव्हतं.’ तेच उत्तर. ‘त्या दिवशी सुट्टीवर होता.’ हजेरीपुस्तक हजर करायला भाग पाडा. ‘हार्ट अटॅक होता, अपघात नव्हता.’ इथे मात्र सावध राहा. नुसतं ड्युटीवर असताना दगावणं पुरत नाही. लागोपाठ शिफ्टा, अखंड ड्रायव्हिंग, उन्हातली ओझी असा ताण पुराव्याने दाखवावा लागतो.

ॲपवरून खाणं पोचवणाऱ्या मुलांना कंपन्या ‘भागीदार’ म्हणतात आणि कामगार असल्याचं नाकारतात. संहितेने अशा गिग कामगारांना, म्हणजे कायम नोकरीशिवाय कामागणिक पैसे मिळवणाऱ्यांना, ओळख दिली आहे आणि कंपन्यांकडून उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणीची तरतूद केली आहे. त्यांनी ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी, ॲपमधल्या अपघात विम्याची पॉलिसी डाउनलोड करून ठेवावी आणि अपघाताच्या वेळी ऑर्डर चालू होती याचा पुरावा जपावा. समोरच्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्ग त्यांना कुणीही नाकारू शकत नाही.

पायरी ७: हुकूम झाल्यावर

मालकाला किंवा विमा कंपनीला उच्च न्यायालयात अपील करता येतं, मुदत ६० दिवस. मालकाला त्यासाठी आधी भरपाईची रक्कम जमा करावी लागते आणि कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. अपील आलं की स्वस्थ बसू नका. जमा रकमेतला काही भाग काढून मिळावा असा अर्ज लगेच करा. अपील नाही आणि पैसेही येत नाहीत, तर वसुलीचा दाखला मागा. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होते. दाखला निघाल्यावर तहसील कार्यालयात त्याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो, नाहीतर तो फायलीत पडून राहतो.

मृत्यूच्या प्रकरणात रकमेची वाटणी आयुक्त करतात. अज्ञान मुलांचा हिस्सा बहुधा मुदत ठेवीत ठेवला जातो. शाळेची फी, आजारपण, घराची दुरुस्ती अशा कारणांसाठी त्यातून व्याज किंवा काही रक्कम काढायला परवानगी मिळते. त्यासाठी वकील लागतोच असं नाही. खर्चाचा कागद जोडून साधा अर्ज करता येतो, आणि मूल सज्ञान झाल्यावर ठेवीची पावती घेऊन त्याच कार्यालयात जायचं असतं. ती पावती, हुकुमाची प्रमाणित प्रत आणि प्रकरणाचा नंबर घरात दोन माणसांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा.